घरगुती सेलवर चालणारे बिनतारी संवेदक : मुंबई उपनगरांच्या संदर्भात एक विचार



मराठीत 'बॅटरी' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. शहरात त्याचा अर्थ विद्युतघट असा होतो. खेड्यापाड्यांत आणि जुन्या चाळींत 'बॅटरी आण' असे म्हटले, की माणूस खुंटीवरचा टॉर्च घेऊन येतो. तिच्या आत असतो तो 'सेल'. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हा साधा सेल आहे : भिंतीवरच्या घड्याळातला, दूरचित्रवाणीच्या रिमोटमधला, वाण्याच्या दुकानात सहज मिळणारा पेन्सिल सेल. दूर कोठेतरी टेकडीवर, नाल्याच्या काठावर किंवा शाळेच्या गच्चीवर ठेवलेले एखादे छोटे मोजणीयंत्र या सेलवर वर्षानुवर्षे चालू शकते काय आणि चालावयाचे असल्यास काय पथ्य पाळावे लागते, एवढाच प्रश्न येथे घ्यावयाचा आहे. प्रश्न लहान दिसतो. परंतु मुंबईच्या उपनगरांपुरते बोलावयाचे तर त्याचा संबंध माणसांच्या जिवाशी आहे.

दिनांक २६ जुलै २००५ चा दिवस येथील कोणासही विसरता येण्याजोगा नाही. त्या दिवशी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच चोवीस तासांत कुलाबा वेधशाळेने नोंदविलेला पाऊस सुमारे ७३ मिलिमीटर होता. एका शहराच्या दोन टोकांत, अवघ्या वीस-पंचवीस किलोमीटरांच्या अंतरात, एवढी तफावत पडली. दक्षिण मुंबईत माणसे कार्यालयांतून नेहमीप्रमाणे बाहेर पडत असता अंधेरी, कुर्ला, घाटकोपर या भागांत घरांच्या पहिल्या मजल्याशी पाणी भिडत होते. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यांतून उगम पावणारी मिठी नदी पात्र सोडून वाहू लागली होती. साकीनाका येथे टेकडीचा भाग वस्तीवर कोसळून सत्तरहून अधिक माणसे दगावली. उपनगरांतील वीजपुरवठा बंद पडला, दूरध्वनी मुके झाले आणि भ्रमणध्वनीची यंत्रणाही बहुतांशी कोलमडली.

या घटनेपासून दोन गोष्टी शिकावयाच्या होत्या. शहरात एकदोन ठिकाणी पाऊस मोजून भागत नाही, हे सर्वांच्या ध्यानात आले. त्यानंतर बृहन्मुंबई महानगरपालिकेने आयआयटी मुंबईतील तज्ज्ञांच्या साहाय्याने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापके बसविली. त्यांपैकी कित्येक अग्निशमन केंद्रांच्या छपरांवर आहेत आणि दर पंधरा मिनिटांनी त्यांची नोंद आपत्ती व्यवस्थापन कक्षात पोहोचते. पुढे जून २०२० मध्ये 'आयफ्लोज' ही पूर-इशारा प्रणालीही मुंबईसाठी कार्यान्वित झाली. दुसऱ्या गोष्टीकडे मात्र तितकेसे लक्ष गेले नाही. ज्या दिवशी मोजणीची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच दिवशी वीज नसते. तेव्हा भिंतीतील विजेवर विसंबून असलेले मोजणीयंत्र म्हणजे पाऊस लागताच घरी जाणारा पहारेकरीच होय.

यावर कोणीही सहज सौरतक्ते सुचवील. महसूल मंडळांतील हवामान केंद्रे सौरशक्तीवर चालतात आणि मोकळ्या रानात ते योग्यही आहे. परंतु उपनगरांतील टेकड्यांच्या उतारावर, दोन झोपड्यांच्या मधल्या बोळात, संरक्षक भिंतीच्या पायथ्याशी सूर्याचे दर्शन मे महिन्यातसुद्धा दुर्मीळ असते. जुलैमध्ये तर कित्येक दिवस ढग हटतच नाहीत. शिवाय तक्ता उघड्यावर असतो आणि त्याला पाय फुटतात, हे सांगावयास नकोच. म्हणून मूठभर आकाराचे, कोणाच्या डोळ्यांत न भरणारे, दोन सेलांवर चालणारे यंत्र हा पर्याय विचारात घ्यावा लागतो.

हा पर्याय केवळ कल्पनेतील नाही. बिनतारी संवेदकांच्या जाळ्यांवर जगभर संशोधन सुरू झाले, तेव्हा अमेरिकेत तयार झालेल्या 'मोट' नावाच्या संवेदकपट्ट्या दोन पेन्सिल सेलांवरच चालत असत. पवईच्या आयआयटीत याच सुमारास दोन प्रयोग झाले. नाशिकच्या सुला द्राक्षमळ्यात 'अ‍ॅग्रीसेन्स' या नावाने जमिनीतील ओलावा, तापमान इत्यादी गोष्टींची बिनतारी नोंद घेण्यात आली. दुसरा प्रयोग 'सेनस्लाइड' हा होय. त्याचा वृत्तान्त २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. कोकण रेल्वेच्या मार्गावर कोसळणाऱ्या दरडी संशोधकांच्या नजरेसमोर होत्या. महागडी थोडी यंत्रे बसविण्याऐवजी खडकाचा ताण मोजणारी स्वस्त यंत्रे पुष्कळ बसवावीत, प्रत्येकात छोटा संगणक, सेल आणि बिनतारी प्रेषक असावा आणि काही यंत्रे बंद पडली तरी उरलेल्यांनी काम निभवावे, अशी त्यामागील कल्पना होती. केरळात मुन्नार येथे अमृता विद्यापीठाने दरडींसाठी प्रत्यक्ष डोंगरावर असे जाळे उभारून दाखविले आहे.

आता सेलाकडे वळू. बाजारात सारख्याच आकाराचे, सारख्याच दीड व्होल्टचे दोन प्रकारचे सेल मिळतात आणि बहुसंख्य ग्राहकांना त्यांतील फरक ठाऊक नसतो. स्वस्त सेल हा जस्त-कार्बन जातीचा असतो. लेक्लांशे यांनी १८६६ मध्ये तयार केलेल्या घटाचा तो वंशज होय. त्याचे बाहेरील जस्ताचे नळकांडे हाच एक विद्युदग्र असतो. म्हणजे सेल वापरात असताना त्याची भिंतच झिजत जाते आणि शेवटी आतील द्रव बाहेर पाझरतो. जुन्या टॉर्चमधील गंजलेली स्प्रिंग हा त्याचाच पुरावा. दुसरा अल्कलाइन सेल. तो महाग असतो, परंतु त्यात साठा कितीतरी अधिक असतो. मंद गतीने वापरल्यास अल्कलाइन पेन्सिल सेल सुमारे २,५०० मिलिअँपियर-तास विद्युत देतो. याचा अर्थ असा की, एक मिलिअँपियरचा प्रवाह सतत घेतला तर तो २,५०० तास, म्हणजे साडेतीन महिन्यांच्या आसपास पुरतो. पडून राहिल्याने होणारी त्याची झीजही वर्षाला दोन-तीन टक्क्यांहून फारशी अधिक नसते. संवेदकासाठी हाच सेल घ्यावा. त्यात काटकसर करू नये.

पुन्हा पुन्हा भरता येणारे निकेल-धातू जातीचे सेल टाकाऊ नव्हेत. परंतु त्यांचा दाब दीडऐवजी १.२ व्होल्ट असतो आणि त्यांतील जुन्या पद्धतीचे सेल नुसते पडून राहिले तरी महिन्याभरात बराच साठा गमावतात. घड्याळातील बटनासारखा तीन व्होल्टचा सेल दिसावयास सुबक असतो. त्याचा साठा मात्र २२० मिलिअँपियर-तासांच्या आसपास आणि अंतर्गत रोध मोठा. प्रेषकाने क्षणभर तीस मिलिअँपियर मागितले, की त्याचा दाब एकदम कोसळतो. दरडींच्या आणि पाण्याच्या कामासाठी तो नको.

सेल चांगला घेतला म्हणजे काम झाले, असे समजणे ही सर्वांत मोठी चूक होय. अनेक शाळांत २०१६ नंतर अटल टिंकरिंग प्रयोगशाळा सुरू झाल्या. तेथे विद्यार्थ्यांच्या हाती आर्डुइनो ऊनो ही निळी पट्टी असते. ही पट्टी काही न करता नुसती चालू ठेवली तरी चाळीस-पन्नास मिलिअँपियर प्रवाह घेते. नऊ व्होल्टच्या चौकोनी अल्कलाइन सेलात ५०० मिलिअँपियर-तासांच्या आसपास साठा असतो. तेव्हा सकाळी प्रदर्शनात मांडलेला पर्जन्यमापक रात्रीपर्यंत मान टाकतो. विद्यार्थ्याला वाटते, सेल खराब निघाला. खरे तर सेलाचा काहीच दोष नसतो. त्या पट्टीवरील मुख्य चिप एकटी काढून, झोपेच्या अवस्थेत ठेवली, तर तिला काही मायक्रोअँपियर पुरतात. मायक्रोअँपियर म्हणजे मिलिअँपियरचा हजारावा भाग. मग बाकीचा प्रवाह जातो कोठे? तो जातो व्होल्टेज नियामकात, संगणकाशी जोडणी करणाऱ्या दुसऱ्या चिपमध्ये आणि 'यंत्र चालू आहे' असे सांगणाऱ्या मिणमिणत्या दिव्यात. काही स्वस्त पट्ट्यांवर नियामक पाच मिलिअँपियर आणि दिवा दोन मिलिअँपियर खातो. एवढ्यानेच २,५०० मिलिअँपियर-तासांचा साठा पंधरा दिवसांत संपतो. टेकडीवरील पेटीच्या आत तो दिवा कोण पाहणार आहे? तो काढून टाकणे हे सेल वाचविण्याचे पहिले काम.

दुसरे काम नियामकच टाळणे. नवे अल्कलाइन सेल दोन जोडले असता ३.२ व्होल्ट मिळतात. वापराबरोबर दाब हळूहळू उतरतो आणि प्रत्येक सेल ०.९ व्होल्टवर येईपर्यंत त्यातील बहुतेक साठा वापरून होतो. म्हणजे दोघांचे मिळून १.८ व्होल्ट. सुदैवाने आर्डुइनोतील ती चिप १.८ व्होल्टपर्यंत काम करू शकते, आणि दूरवर संदेश पाठविणाऱ्या 'लोरा' जातीच्या प्रेषक-चिपचीही खालची मर्यादा तेवढीच आहे. तेव्हा दोन सेल थेट जोडावेत, मध्ये काही नको. ज्या पट्टीला ३.३ व्होल्टच लागतात, तिला दोन सेल जवळजवळ नवे असतानाच अपुरे पडतात. तेथे तीन सेल आणि अल्प प्रवाह खाणारा नियामक वापरावा लागतो. एकाच सेलाचा दाब वाढवून देणारी छोटी मंडलेही मिळतात. सेल ०.८ व्होल्टपर्यंत पिळून काढण्याची त्यांची कला वाखाणण्यासारखी आहे. परंतु यंत्र झोपलेले असताही ती स्वतः थोडे खातच राहतात. लॅमिंग्टन रोडवरील दुकानदार हे मंडल हौसेने पुढे करील. दोन सेलांची जागा असेल तर ते घेऊ नये.

आता खर्चाचा हिशेब मांडून पाहू. पाण्याने भरताच कलंडणारी छोटी बादली असलेले पर्जन्यमापक घ्या. दर ०.२ मिलिमीटर पावसास बादली एकदा कलंडते आणि चुंबकाने एक खटका क्षणभर मिटतो. त्या स्पंदाने चिप जागी होते, आकडा एकाने वाढविते आणि पुन्हा झोपते. २६ जुलै २००५ चा सगळा पाऊस, ९४४ मिलिमीटर, अशा बादलीने मोजला असता तर ती ४,७२० वेळा कलंडली असती. प्रत्येक वेळी चिप दोन सहस्रांश सेकंद जागी राहून पाच मिलिअँपियर घेते असे धरले, तरी त्या प्रलयंकारी दिवसाचा मोजणीखर्च मिलिअँपियर-तासाच्या शंभराव्या भागाच्या आसपास येतो. त्याच दिवशी यंत्राने दर मिनिटाला एक संदेश पाठविला, प्रत्येक संदेशास तीस मिलिअँपियर प्रवाह आणि सेकंदाचा विसावा भाग लागला, तर चोवीस तासांतील १,४४० संदेशांचा खर्च ०.६ मिलिअँपियर-तास होतो. सेलातील साठ्याचा हा चार हजारावा भाग झाला. शहर बुडविणारा दिवस सेलाला जाणवतही नाही. सेल संपतो तो उरलेल्या कोरड्या दिवसांत, निष्काळजीपणे रचलेल्या यंत्राच्या जागरणामुळे.

नीट झोपणाऱ्या यंत्राचा सर्व मिळून सरासरी प्रवाह वीस मायक्रोअँपियर ठेवणे अवघड नाही. त्या हिशेबाने वर्षाला १७५ मिलिअँपियर-तास लागतात आणि कागदावर उत्तर चौदा वर्षे असे येते. या उत्तरावर विश्वास ठेवू नये. तोपर्यंत सेलच म्हातारा होईल आणि मुंबईची दमट हवा त्याआधी स्प्रिंगा खाऊन टाकील. दोन वर्षे हे व्यवहार्य आयुष्य धरावे.

संवेदकांची निवडही याच कसोटीवर करावयाची असते. खडकाचा किंवा भिंतीचा ताण मोजणारी ३५० ओहमची जोडणी तीन व्होल्टवर सतत चालू ठेवली तर साडेआठ मिलिअँपियर खाते. म्हणून चिपने तिला मोजणीपुरती वीज द्यावी व लगेच तोडावी. अंधेरी भुयारी मार्गासारख्या दर पावसाळ्यात पाण्याने भरून वाहतुकीस बंद कराव्या लागणाऱ्या जागी तरंगता खटका बसविला, तर पाणी असेपर्यंत तो मिटलेला राहतो. त्याच्या मंडलात दहा हजार ओहमचा रोध असेल तर तीनशे मायक्रोअँपियर वाहत राहतात, दहा लाख ओहमचा असेल तर तीनच. चार आण्यांच्या वस्तूने शंभरपट फरक पडतो. वायफायवर संदेश पाठविण्याचा मोह आवरावा, कारण त्याच्या प्रेषकाचे झटके शेकडो मिलिअँपियरचे असतात आणि जोडणी जुळेपर्यंत यंत्राला काही सेकंद ताटकळावे लागते. आपल्या देशात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ पासून ठरावीक शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो. लहान संदेशांसाठी तो उत्तम आहे. उंच इमारतींच्या दाटीतूनही त्यावरील संदेश बऱ्यापैकी अंतर कापतात.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. बिनतारी यंत्राला बोलण्याहून ऐकणे महाग पडते. संदेश पाठविणे हे क्षणाचे काम असते. तो केव्हा येईल हे ठाऊक नसल्यामुळे ग्राहकाला अखंड कान देऊन बसावे लागते. त्यासाठी दहा-बारा मिलिअँपियर सतत लागले तर पेन्सिल सेल नऊ-दहा दिवसांत रिकामे होतात. म्हणून टेकडीवरच्या यंत्रांनी फक्त बोलावे आणि ऐकण्याचे काम जवळच्या शाळेत किंवा विभाग कार्यालयात ठेवलेल्या एका केंद्राने करावे. त्या केंद्राला भिंतीतील वीज आणि जोडीला वाहनातल्यासारखी मोठी बॅटरी हवी. टेकडीवर उत्तम सेल आणि खाली केंद्राला विजेवाचून पर्याय नाही, अशी रचना २६ जुलैसारख्या दिवशी कुचकामी ठरेल.

घाटकोपर, असल्फा, विक्रोळीचे पार्कसाइट व सूर्यनगर, भांडुप, मुलुंड या पट्ट्यांत टेकड्यांच्या अंगावर मोठी वस्ती आहे. घाटकोपरच्या आझादनगरात जुलै २००० मध्ये दरड कोसळून साठांहून अधिक बळी गेले. मालाडच्या पिंपरीपाडा भागात जुलै २०१९ मध्ये जलाशयाची भिंत पडली. चेंबूर आणि विक्रोळीत १८ जुलै २०२१ च्या पहाटे दरडी व भिंती कोसळून पंचविसांहून अधिक माणसे गेली. यांतील बहुतेक आपत्ती रात्री वा पहाटे, माणसे झोपेत असताना आल्या. सेलवर चालणारा संवेदक दरड थांबवू शकत नाही आणि वस्तीच्या पुनर्वसनाची जागाही घेऊ शकत नाही. उतार सरकू लागला, भिंत कलली, जमीन पाण्याने फुगली एवढीच वर्दी तो देऊ शकतो. परंतु ती वर्दी कधी कधी अर्धा तास आधी मिळते आणि अर्ध्या तासात चाळ रिकामी करता येते.

येथेच सेलाचा प्रश्न गंभीर होतो. पहाटे तीन वाजता, मुसळधार पावसात, सूर्यनगरच्या उतारावरचे एक यंत्र मुके झाले असे समजा. केंद्रावरील कर्मचाऱ्याने काय समजावे? दरडीबरोबर यंत्र वाहून गेले की त्यातला सेल संपला? सेल संपून यंत्रे नेहमीच मुकी होत असतील तर त्या रात्रीही तो 'सेल गेला असेल' असेच म्हणेल आणि सकाळची वाट पाहील. वर्षभर सेलांची हेळसांड केली तर मुकेपणाचा अर्थच नाहीसा होतो. यावर उपाय सोपा आहे. यंत्राने दर संदेशासोबत स्वतःच्या सेलांचा दाबही कळवावा. पाऊस असो वा नसो, दिवसातून काही वेळा 'मी आहे' असे सांगावे. अल्कलाइन सेलाचा दाब हळूहळू उतरतो, तो एकाएकी शून्यावर येत नाही. काल रात्री २.८ व्होल्ट सांगणारे यंत्र आज पहाटे मुके झाले, तर त्याचे कारण सेल नव्हे, असे धरून माणसे हलवावीत.

आणखी एक दोष शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावा. जुन्या सेलाचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. मोजताना दाब ठीक दिसतो, परंतु प्रेषक सुरू होताच तो खाली जातो, चिप दचकून पहिल्यापासून सुरू होते, पुन्हा पाठवू लागते, पुन्हा दचकते. या फेऱ्यात उरलेला साठा काही तासांत संपतो. म्हणून सेलाचा दाब प्रेषण चालू असतानाच मोजला पाहिजे. विश्रांतीतील दाब फसवा असतो.

पेटीच्या बाबतीत फार बोलण्यासारखे नाही. झाकणाखाली रबरी कडे हवे, तार खालून आत यावी, आत ओल शोषणारी सिलिकाची पुडी ठेवावी. नवा आणि जुना सेल, किंवा दोन जातींचे सेल एकत्र घालू नयेत, कारण दुबळा सेल रिकामा झाल्यावरही त्यातून प्रवाह ढकलला जाऊन तो पाझरतो. हे टॉर्चच्या बाबतीतही खरे आहे आणि घरोघरी मोडले जाते.

सेल कोणी बदलावयाचे, हा प्रश्न शेवटपर्यंत अनिर्णित राहतो, असा सर्वत्र अनुभव आहे. यंत्र बसविण्याचा समारंभ होतो, छायाचित्र निघते. दोन वर्षांनी लागणाऱ्या सेलांसाठी मात्र अंदाजपत्रकात ओळ नसते. रक्कम क्षुल्लक असल्यामुळेच ती कोणाच्या लक्षात राहत नाही. ज्या शाळेच्या गच्चीवर केंद्र असेल, त्या शाळेकडे हे काम सोपवावे हे उत्तम. मुख्याध्यापकांच्या नोंदवहीत यंत्राचा क्रमांक, सेल घातल्याची तारीख आणि दर महिन्याचा दाब असे तीन रकाने आखावेत. दाब घसरण्याची वाट न पाहता एक वर्षाआड मे महिन्यात, पहिल्या पावसाच्या आत सर्व सेल एकदम बदलावेत. ग्रामपंचायतींनी विहिरींची पातळी किंवा गावचा पाऊस मोजण्यासाठी अशी यंत्रे घेतली, तरी हीच पद्धत लागू करावी.

मे महिन्यात काढलेल्या सेलांत निम्म्याहून अधिक साठा शिल्लक असतो. ते फेकू नयेत. शाळेतील वर्गांच्या घड्याळांत घातले तर आणखी वर्षभर सहज चालतात. तेथूनही निघाले, की ते एका खोक्यात जमा करावेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेले सेल परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि खोके भरल्यावर ते अधिकृत संकलकाकडे देता येते.